मुलग्यांचं वेगळं, मुलींचं वेगळं? बालवाडीच्या ताया आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

बालवाडी, अंगणवाडी, नर्सरी, ज्युनिअर-सिनियर केजी, म्हणजे साधारण ३ ते ६ वयाच्या मुलांसोबत जे कोणी असतात त्या सगळ्यांसाठी हे पान आहे. पालकसभेत, तायांच्या ट्रेनिंगमध्ये आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न सारखे येतात ते इथे एका जागी घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगते, मुलांना सुधरवायचे उपाय इथे मिळणार नाहीत कारण मुलांचं काही बिघडलेलंच नाहीये. बदलायची आहे ती आपण मोठ्यांनी करून ठेवलेली मांडणी. खेळाचे कोपरे, रांगा, कौतुकाचे शब्द, कुठलं काम कोणाला सांगतो, हे सगळं.

इतक्या लहान मुलांना मुलगा-मुलगी हा फरक कळतो तरी का? आत्तापासून कशाला त्यांच्या डोक्यात घालायचं?

कळतो, आणि आपल्याला वाटतं त्याच्या बराच आधी कळतो. अडीच-तीन वर्षांचं मूल "मी मुलगा", "मी मुलगी" असं सांगायला लागतं. पण कपडे बदलले, केस कापले तरी आपण तेच राहतो हे डोक्यात पक्कं व्हायला सहा-सात वर्षं उजाडतात. मधल्या काळात मूल बाहेरच्या खुणांवर भिस्त ठेवतं. टिकली म्हणजे मुलगी, छोटे केस म्हणजे मुलगा, बस्स. सँड्रा बेम नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी आपल्या मुलाची गोष्ट सांगून ठेवली आहे, तो लहान असताना हौसेने केसांना क्लिपा लावून नर्सरीत गेला तर एक मुलगा त्याच्या मागेच लागला की तू मुलगीच आहेस, क्लिपा फक्त मुली लावतात, आणि याने कितीही पटवलं तरी तो ऐकेचना. आपल्याकडे क्लिपच्या जागी मेंदी ठेवा, बांगड्या ठेवा, अगदी हाच संवाद कुठल्याही बालवाडीत ऐकायला मिळेल.

म्हणून या वयात मुलं नियमांच्या बाबतीत फार कडक असतात. जग कसं चालतं हे ती शोधत असतात आणि आपण जे काही दाखवू त्यातून नियम बनवतात. आपण गप्प बसलो म्हणजे डोक्यात काही जात नाही असं होत नाही, बाकी सगळीकडून जातच असतं.

आणि वेळ किती कमी असतो ते बघा. २०१७ साली 'सायन्स' या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या मुलांवरचा एक अभ्यास आला होता. "खूप खूप हुशार" माणूस यातला कोण, असं विचारलं की पाच वर्षांचे मुलगे पुरुषाकडे आणि मुली बाईकडे जवळपास सारख्याच प्रमाणात बोट दाखवत होते. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र ते कमी झालं होतं, आणि हा खेळ खूप हुशार मुलांसाठी आहे असं सांगितलं की त्यांचा त्यातला इंटरेस्टपण कमी व्हायचा. सहा वर्षं म्हणजे आपली पहिली! ज्या मुलीला अजून जोडाक्षरं नीट येत नाहीत तिने स्वतःला हुशारीच्या यादीतून काढून टाकायला सुरुवात केलेली असते. मला तरी हे वाचल्यापासून "आत्तापासून कशाला" हा प्रश्न पडत नाही.

पण आमचा मुलगा आपणहून गाड्यांकडेच धावतो आणि मुलगी बाहुलीकडे, आम्ही काहीच शिकवलं नाही. हे उपजतच असतं ना?

थोडंफार उपजत असेल, मी ते नाकारत नाही. सरासरी आवडीनिवडीत फरक दिसतो. पण "आम्ही काहीच शिकवलं नाही" हे वाक्य मात्र तपासून बघण्यासारखं आहे. १९७० च्या दशकात काही प्रयोग झाले, एकच तान्हं बाळ, मोठ्या माणसांना कधी सांगायचे मुलगा आहे तर कधी सांगायचे मुलगी आहे. मुलगी म्हटलं की हातात बाहुली दिली जाण्याचं प्रमाण वाढायचं. बाळ तेच, आपला हात मात्र वेगळ्या खेळण्याकडे जातो आणि आपल्याला ते समजतही नाही.

त्याहून महत्त्वाचा मला १९८५ चा बेव्हरली फॅगट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास वाटतो, कारण तो मुलांच्या गटातला आणि सांभाळणाऱ्या शिक्षिकांचा आहे. तेरा-चौदा महिन्यांची बाळं, मुलगे आणि मुली यांच्या वागण्यात विशेष फरक नव्हता, दोघंही ओढायची, ढकलायची, बडबडायची. पण शिक्षिका मुलग्यांच्या दांडगाईकडे जास्त लक्ष द्यायच्या आणि मुलींच्या बोलण्याकडे, हळू खुणांकडे जास्त. वर्षभराने बघितलं तर मुलगे खरंच जास्त दांडगट झाले होते आणि मुली शिक्षिकांशी जास्त बोलत होत्या. आधी फरक आपल्या प्रतिसादात होता, मग तो मुलांमध्ये आला.

त्यामुळे गाडीकडे धावणाऱ्याला धावू द्या, त्यात काही चूक नाही. आपलं काम एवढंच की दुसऱ्या वस्तूकडे जायची वाट बंद होऊ नये.

मुलगा भातुकली खेळतो, बाहुलीला झोपवतो. घरातले लोक घाबरलेत. काही काळजी करायची का?

नाही. अजिबात नाही. हा प्रश्न मला बाबांकडून कमी आणि आजोबांकडून जास्त येतो, आणि दर वेळी मी एकच विचारते, तो भातुकलीत नक्की काय करतो ते बसून बघितलंय का?

एका बालवाडीतला चार वर्षांचा मुलगा बोळक्यात खोटा चहा करत होता. आधी गॅस पेटवला, मग भांडं ठेवलं, मग "दूध ऊतू जाईल" म्हणून वाकून बघत बसला, एका मुलीला म्हणाला तुला बिनसाखरेचा ना, तुला शुगर आहे ना, आणि मग तीन कप मोजून तिघांना दिले. आता यात काय काय आलं बघा, कामाचा क्रम, मोजणं, थांबणं, दुसऱ्याला काय हवंय ते लक्षात ठेवणं आणि भरपूर बोलणं. भाषा या वयात अशाच खेळात फुटते. मुलग्यांना घरकोपऱ्यापासून, म्हणजे भातुकलीच्या कोपऱ्यापासून, लांब ठेवलं तर त्यांचं हे सगळं बुडतं, आणि ते नुकसान कोणी मोजत नाही कारण आपण समानता म्हटली की फक्त मुलींचंच बघतो.

बाहुली खेळल्याने कोणी "तसा" होत नाही, हेही स्पष्टच सांगते, कारण खरी भीती तीच असते आणि कोणी तोंडाने बोलत नाही. बाहुली सांभाळणारा मुलगा उद्या आपलं बाळ हातात घ्यायला बिचकणार नाही. आणि एखादं मूल पुढे जाऊन वेगळं निघालंच तर त्याला लागणार आहे ते घरातलं प्रेम, खेळणं हिसकावून घेतल्याने त्याला एवढंच कळतं की आपलं आवडतं ते इथे लपवायचं.

आमच्या वर्गात ठोकळे सगळ्यांसाठी उघडे आहेत, पण मुली तिकडे फिरकतच नाहीत. आता काय जबरदस्ती करायची?

जबरदस्ती नको, वर्ग एकदा खाली बसून बघा. मुलांच्या उंचीवरून. बहुतेक ठिकाणी घरकोपरा एका टोकाला असतो, गुलाबी पडदा, खिडकीजवळ, आणि ठोकळे-गाड्या दुसऱ्या टोकाला दाराजवळ जिथे मुलगे सकाळी आल्या आल्या घुसतात. पाच मिनिटांत जागा भरते. मग जी मुलगी उशिरा डबा ठेवून, केसांचा रबर नीट करून येते तिला तिथे जागाच उरत नाही, आणि आपण म्हणतो मुलींना आवडत नाही.

यावर चालणारी सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे दोन्ही कोपरे शेजारी-शेजारी आणायचे आणि मधली भिंत म्हणजे ते कपाट काढून टाकायचं. एका वर्गात हे केलं तेव्हा पहिल्या दोन दिवसांत नुसता गोंधळ झाला, ताई वैतागल्या, पण मग भातुकलीला ओटा हवा म्हणून मुलींनी ठोकळे आणले, ओटा झाला, ओट्यावर फळी, फळीवर डबे, डबे पडायला लागले म्हणून खाली रुंद ठोकळे घातले. तेवढ्यात ट्रकवाले मुलगे गॅसचा सिलिंडर घेऊन आले आणि दोन मजली घराला जिना कसा करायचा यावर मुलगे-मुली मिळून भांडायला लागले. त्या भांडणात तोल, लांबी, रुंदी, वर-खाली-आत-बाहेर सगळं होतं. ठोकळे आणि कोडी यांच्याशी खेळून जागेचा अंदाज वाढतो, तो पुढे भूमितीला, चित्राला, मशीनला उपयोगी पडतो, म्हणून मुलींनी त्यापासून लांब राहणं परवडणारं नाही.

अजून एक करून बघा. खेळाच्या वेळी ताई कुठे बसते? मुलं तिच्या भोवती गोळा होतात. ताई रोज घरकोपऱ्याजवळ बसत असेल तर आठवडाभर ठोकळ्यांपाशी बसा. काही बोलू नका, स्वतः एक मनोरा रचायला घ्या.

मुलग्यांची एक रांग, मुलींची एक रांग, यात एवढं काय? सोय असते हो.

सोय असते हे मान्य, पस्तीस मुलं एकटीने सांभाळणाऱ्या ताईला मी काही शिकवायला जात नाही. पण रांगेला परिणाम असतो. अमेरिकेत २०१० मध्ये हिलियर्ड आणि लिबेन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात काही बालवर्गांत फक्त दोन आठवडे मुलगे-मुली असा उल्लेख मुद्दाम वाढवला. रांगा वेगळ्या, मुलांनी केलेलं काम लावायचे फळे वेगळे, हाक मारताना "बॉइज", "गर्ल्स". मुलग्यांपेक्षा मुली चांगल्या असं काही कोणी सांगितलं नव्हतं, नुसते दोन गट पाडले होते. दोन आठवड्यांत त्या मुलांच्या डोक्यातले साचे घट्ट झाले आणि मुलगे-मुली एकमेकांशी खेळणं कमी झालं.

रांग करायला दुसरे शंभर प्रकार आहेत. ज्यांच्या डब्यात आज पोळी आहे ते पुढे, लाल चप्पलवाले मग, ज्यांचं नाव 'स' ने सुरू होतं ते नंतर. यात मुलांना भाषा आणि वर्गीकरण फुकटात मिळतं आणि रोज नवीन मूल नवीन मुलाशेजारी उभं राहतं. तेच हजेरीचं. हजेरीपटावर आधी सगळे मुलगे मग सगळ्या मुली असं असेल तर आडनावाने किंवा नावाच्या अक्षराने लावा, कोणाची परवानगी लागली तर मुख्याध्यापकांशी बोला, बहुतेक जण हो म्हणतात.

मुलगा सारखा रडतो. "रडतोस काय मुलीसारखा" म्हटलं की गप्प होतो, मग काय वाईट?

गप्प होतो, पण त्याचं दुखणं तिथेच राहतं. आणि एका वाक्यात दोन मुलांना लागतं, रडणाऱ्याला कळतं की दुखलं तरी सांगायचं नाही, आणि शेजारी बसलेल्या मुलीला कळतं की मुलगी असणं ही लाज वाटायची गोष्ट आहे.

त्याऐवजी "कुठे लागलं दाखव", "आई गेली म्हणून वाईट वाटतंय ना, बस माझ्याजवळ" एवढं पुरतं. भावना ओळखून तिला नाव देणं हा बालशिक्षणाचाच भाग आहे, तो मुलग्यांसाठी वेगळा नसतो. आणि उलटंही लक्षात ठेवा, मुलगी रागावली, ओरडली की "मुलीच्या जातीला शोभतं का" हे पण तितकंच वाईट. तिला राग येऊ दे. मारायचं नाही हा नियम दोघांना एकच.

कौतुकसुद्धा जपून करायचं का आता?

कौतुक भरपूर करा, फक्त कशाचं करता ते ऐका. मुलगी दारातून आली की "अय्या किती गोड फ्रॉक, कोणी घेतला", मुलगा आला की "काय हिरो, आज किती उड्या मारल्या". रोज, वर्षभर, प्रत्येक मोठ्या माणसाकडून हेच ऐकल्यावर मुलीला वाटतं की माझं दिसणं महत्त्वाचं आणि मुलग्याला वाटतं की माझं करणं महत्त्वाचं. फ्रॉक छान आहे हे एखाद्या दिवशी म्हणायला काहीच हरकत नाही, पण "काल तू ते कोडं अर्धं ठेवलं होतंस, आज पूर्ण करायचं का" हे पण तिला म्हणा.

कामांचंही तसंच. खुर्च्या उचलायला "चला स्ट्राँग बॉइज" आणि रांगोळीत रंग भरायला, फुलं ठेवायला, सांडलेलं पुसायला मुली. चार वर्षांच्या मुलामुलींच्या ताकदीत खुर्ची उचलण्यापुरता काही फरक नसतो. कामाचा तक्ता करा, चित्रं चिकटवा आणि दर आठवड्याला फिरवा. डबा खाऊन झाल्यावर आपापली जागा प्रत्येकाने पुसायची, हे वळण मुलग्यांना बालवाडीत लागलं तर घरी पण लागतं, आणि घरी लागलं तर आई ते मोडते कधीकधी, "राहू दे रे बाळा मी करते" म्हणून, तेव्हा आयांनो कृपा करून त्याच्या हातातलं फडकं घेऊ नका.

तायांसाठी एक उपाय, मोबाईलवर अर्ध्या तासाचा वर्ग रेकॉर्ड करा आणि घरी एकटीने ऐका. कोणाचं नाव किती वेळा घेतलं, कोणाला "शांत बस" म्हटलं आणि कोणाला "तुला काय वाटतं" विचारलं. कोणाला दाखवायची गरज नाही, ऐकून झालं की डिलीट करा.

गॅदरिंग, फॅन्सी ड्रेस, दिंडी, भोंडला, हे सगळं बंद करायचं का?

मुळीच नाही! हे बंद केलं तर बालवाडीत उरलं काय. फक्त वाटप बघा. आषाढीला मुलगे टाळ-पताका घेऊन आणि मुली डोक्यावर तुळस घेऊन, ठीक आहे, पण एखाद्या मुलीला पताका हवी असेल तर द्या आणि टाळ सगळ्यांनाच द्या, तीन वर्षांच्या मुलाला आवाज करायला आवडतो. भोंडल्याच्या फेरात मुलगे पण घ्या, हत्तीभोवती फिरायला आणि खिरापत ओळखायला कोणाला आवडत नाही? दहीहंडीला मुली फक्त राधा होऊन कोपऱ्यात उभ्या राहतात, त्यांनाही हंडी फोडू द्या, बालवाडीची हंडी तशीही हात वर केला की पोचेल एवढीच बांधतात.

फॅन्सी ड्रेसला मुलगी सैनिक आणि मुलगा नर्स, असं मुद्दाम उलटं लादू नका. मुलाला विचारा काय व्हायचंय. माझा खरा आक्षेप गॅदरिंगच्या नाचांना आहे, साडेचार वर्षांच्या मुलींना लिपस्टिक लावून सिनेमातल्या मोठ्या बायकांच्या अदा करायला लावतात आणि खाली बसून सगळे शिट्ट्या मारतात. हे बंद करायला पाहिजे आणि पालकांनीच ते सांगायला पाहिजे.

युनिफॉर्ममध्ये मुलींना स्कर्ट, मुलग्यांना हाफपँट. यावर काही करता येतं का?

येतं, कारण स्कर्ट असला की "नीट बस, पाय जवळ घे" हे दिवसातून कितीदा तरी ऐकावं लागतं आणि मुलगी घसरगुंडी, झोपाळा, उलटं लटकणं हळूहळू सोडून देते. या वयात शरीर वापरूनच शिकायचं असतं. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात वलयनचिरंगारा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने काही वर्षांपूर्वी सगळ्या मुलांना शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची पँट असा एकच युनिफॉर्म केला, त्यावर देशभर चर्चा झाली, पण मुळात मुद्दा मुलांना पळता-खेळता यावं एवढाच होता. आपल्या शाळेत सगळा युनिफॉर्म बदलत नसेल तर निदान पीटीचा ड्रेस रोज घालायची परवानगी मागा, किंवा स्कर्टच्या आत शॉर्ट्स.

आणि गुलाबी रंग?

गुलाबी रंगाशी भांडण नको, छान रंग आहे. १९१८ साली अमेरिकेतल्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने तर उलटाच सल्ला दिला होता, गुलाबी मुलग्यांना कारण तो ठाम रंग आणि निळा मुलींना कारण तो नाजूक. म्हणजे हा काही निसर्गनियम नाही. सगळे रंग सगळ्यांना मिळू देत.

गोष्टी आणि पुस्तकांचं काय करायचं? जुन्या गोष्टींत तर सगळं ठरलेलंच असतं.

जुन्या गोष्टी सोडू नका, त्या मुलांच्या हक्काच्या आहेत. चिऊ-काऊच्या गोष्टीत चिऊताई सारखी बाळाला न्हाऊ-माखू घालत असते, एखाद्या दिवशी चिमण्याने घालू दे आणि चिऊ बाहेर दाणे आणायला जाऊ दे, मुलं काय म्हणतात ते ऐका. काही मुलं रागावतात, "असं नसतं!" म्हणतात, मग विचारा, तुमच्या घरी अंघोळ कोण घालतं? हमखास एक-दोन मुलं ओरडतात "माझे बाबा!"

चित्रांचा परिणाम फार असतो. शास्त्रज्ञाचं चित्र काढा असं डेव्हिड चेंबर्स यांनी हजारो शाळकरी मुलांना सांगितलं होतं, तो अभ्यास १९८३ मध्ये छापून आला. ४८०७ चित्रांमध्ये बाई शास्त्रज्ञ फक्त २८, आणि ती सगळी मुलींनी काढलेली, मुलग्यांपैकी एकानेही नाही. म्हणून २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, बाई डॉक्टर आणि बाई वाहतूक पोलीस दाखवली, इस्त्री करणारा पुरुष दाखवला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. केरळच्या तिसरीच्या पुस्तकातही २०२४ मध्ये खोबरं किसणारे बाबा आले. पण दुसरी-तिसरी म्हणजे सात-आठ वर्षं झाली, बालवाडीच्या भिंतीवरचे "आपले मदतनीस" वगैरे तक्ते अजून जुनेच आहेत. ते तक्ते काढा आणि गावातले खरे फोटो लावा. एसटीच्या कंडक्टर बाई, ट्रॅक्टर चालवणारी एखाद्या मुलाची आई, मेसमध्ये पोळ्या लाटणारे काका, दवाखान्यातले ब्रदर. ओळखीचा चेहरा तक्त्यावर दिसला की मुलं उड्या मारतात आणि वादच संपतो.

मूल घरी येऊन म्हणालं "मुली क्रिकेट खेळत नाहीत" तर काय म्हणायचं?

भाषण देऊ नका आणि "असं बोलू नये" म्हणून गप्पही करू नका. विचारा, असं का वाटतं तुला? मग एक खरं उदाहरण द्या, ओळखीतलं असेल तर उत्तमच, "अगं ती शेजारची ताई रोज बॅट घेऊन जाते ना?" किंवा मोबाईलवर स्मृती मंधानाची बॅटिंग दाखवा, ती आपल्या सांगलीत वाढलेली. आणि बोलताना "मुली पण खेळू शकतात" यापेक्षा "ज्याला आवडतं तो खेळतो" हे बरं, कारण "पण" म्हटलं की मूळ खेळ मुलग्यांचाच हे आपणच कबूल करतो.

माझ्या मुलाला इतर मुलं चिडवतात. मग आम्हीच त्याला सांगायला लागलो की शाळेत नको खेळूस भातुकली.

तुमची तगमग समजते, आपलं मूल एकटं पडलेलं कोणाला बघवतं? पण त्याला मागे खेचण्याआधी ताईंना गाठा. वर्गात एक नियम हवा, "खेळण्यावरून कोणाला चिडवायचं नाही, खेळणी सगळ्यांची आहेत", आणि चिडवल्याक्षणी ताईने ते तिथल्या तिथे म्हणायला हवं, घरी पाठवलेल्या चिठ्ठीत नाही. मुलाला एक छोटं वाक्य द्या, "मला आवडतं म्हणून मी खेळतो", ते घरी नाटक करून दोन-चारदा म्हणवून घ्या. आणि त्याला एक जोडीदार मिळवून द्या. दोघं मिळून भातुकली खेळणाऱ्या मुलग्यांना कोणी फारसं चिडवत नाही.

सासूबाई ऐकत नाहीत. मुलग्याला दूध मोठ्या ग्लासात आणि मुलीला छोट्या. काय करू?

खाण्याचा विषय असेल तर तडजोड नाही, इथे सरळ सांगा, दोघांना सारखं. गरज पडली तर नवऱ्याने सांगायचं, सुनेने नाही. बाकी बाबतीत आजी-आजोबांना बाजूला ढकलू नका, त्यांना खेळात घ्या. आजीला म्हणावं नातवाला सागरगोटे शिकवा, आजोबांना म्हणावं नातीला सायकलची चेन बसवायला शिकवा. समोरासमोर वाद घातला तर मूल मध्ये चेमटतं.

बालवाडीत पुरुष शिक्षक का नसतात?

कारण लहान मुलं म्हणजे बायकांचं काम असं आपण धरूनच चाललोय. अंगणवाड्या २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून उभ्या राहिल्या आणि सेविका-मदतनीस ही पदं महिलांचीच राहिली. काम शिक्षिकेचं, आहाराचं, वजन-उंचीचं, सर्वेक्षणाचं, आणि पैसे मात्र मानधन म्हणून. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ साली सुप्रीम कोर्टाला यावं लागलं. मूल रोज बघत असतं की आपल्याला शिकवणारी ताई आहे पण तिला दमात घेणारे साहेब आहेत. माझ्या मते बालशिक्षणातली समानता इथून सुरू होते, ताईंना शिक्षिकेचा पगार आणि मान मिळण्यापासून.

तोवर बाबांना वर्गात आणा. महिन्यातून एक दिवस कोणीतरी बाबा, काका, आजोबा येऊन गोष्ट सांगतील, कणीक मळतील, बटण शिवून दाखवतील. आणि शाळांना विनंती, पालकांच्या ग्रुपचं नाव "मदर्स" ठेवू नका, मूल आजारी पडलं की फोन फक्त आईलाच करू नका. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत महाराष्ट्र सरकारने आईचं नाव बंधनकारक केलंय, मुलाच्या नावानंतर आईचं, मग वडलांचं. हजेरी घेताना पूर्ण नाव घ्या, मुलांना आपल्या नावात आई ऐकू येऊ दे.

हे सगळं परदेशी फॅड आहे असं आमच्या पीटीएमध्ये (पालक-शिक्षक संघात) एक जण म्हणाले.

त्यांना पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाडची गोष्ट सांगा. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. तिथे त्यांना दिसलं की मोठ्या मुली शाळेत येऊ शकत नाहीत कारण घरी धाकटं भावंड सांभाळायचं असतं. दोघी त्या मुलींना उपदेश करत बसल्या नाहीत, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, तीच विकासवाडी. भावंडं पाळण्यात आणि ताई वर्गात. मांडणी बदलली की मुलगी शिकते हे आपल्याच पालघरच्या मातीत करून दाखवलेलं आहे, आणि त्याच्याही जवळपास शंभर वर्षं आधी, १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली तेव्हाही लोक हेच म्हणत होते की आपल्याकडे असलं चालत नाही.

शाळेशी यावर बोलायचंय, पण भांडण नको. कसं बोलू?

पालकसभेत सगळ्यांसमोर नको, आधी ताईंना एकट्या भेटा, शाळा सुटल्यावर पाच मिनिटं. "तुमच्या शाळेत भेदभाव होतो" असं नका म्हणू. एकच छोटी गोष्ट मागा जी उद्या करता येईल, रांग चपलेच्या रंगाने करून बघूया का, किंवा कामाचा तक्ता मी घरून बनवून आणू का. तुम्ही स्वतः काहीतरी आणलंत तर फार फरक पडतो, सुतारकामातले उरलेले लाकडाचे तुकडे घासून ठोकळे म्हणून द्या, एक साधी कापडी बाहुली शिवून द्या. एक महिना जाऊ दे. मग दुसरी गोष्ट. आणि घरी फरक दिसला, मुलाने आपणहून ताट उचललं, मुलीने मनोरा रचला, तर ते ताईंना आवर्जून जाऊन सांगा किंवा फोटो पाठवा, कारण त्यांच्यापर्यंत तक्रारीच जास्त पोचतात.